पडद्यावरचा ख्रिस्त आणि समोर बसलेले आपण

होळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या गावांत बोहाड्याचे दिवस येतात. संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग रात्रभर गावच्या रस्त्याने नाचत पुढे येते. गणपती येतो, सरस्वती येते, राम-रावण, नरसिंह येतात आणि शेवटी जगदंबा व महिषासुराची लढाई होते. महिषासुर मरणार हे पहिले सोंग निघण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असते. मुखवट्यामागे गावातला कोण आहे हेही ठाऊक असते, कारण अमुक सोंगाचा मान अमुक घराकडे असे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. तरी पहाटेपर्यंत माणसे जागची हलत नाहीत. देवीचे सोंग समोर आले की हात जोडले जातात.

ख्रिस्तकथेवरच्या चित्रपटांपुढेही हेच कोडे आहे. येशू क्रूसावर जाणार आणि तिसऱ्या दिवशी उठणार, हे तिकीट काढणाऱ्याला माहीत असते. तरी चित्रपटाचा शोध लागून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच, १८९७-९८ मध्ये, युरोप-अमेरिकेत ही कथा पडद्यावर आली आणि तेव्हापासून ती पुन्हा पुन्हा चित्रित होत आहे. कथेत नवे काही नसताना चित्रपट नेमके काय करतो? आणि जो ख्रिस्ती नाही, त्याच्या हाती त्यातून काय लागते?

थोडक्यात उत्तर असे की, श्रद्धेवरचा चित्रपट प्रेक्षकाला गोष्टीत कुठेतरी उभे करतो: कधी शिष्यांमध्ये, कधी जमावात, कधी शिपायांच्या रांगेत. आपल्याला कुठे उभे केले हे ज्याला कळले, त्याला चित्रपट कळला. हे कसे घडते ते टप्प्याटप्प्याने पाहू.

त्र्यंबकचा एक प्रेक्षक

मोखाड्याहून पुढे नाशिकच्या वाटेला लागले की त्र्यंबकेश्वर येते. धुंडिराज गोविंद फाळके तिथले. जन्म ३० एप्रिल १८७०. १९१०-११ च्या सुमारास मुंबईला गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. त्या काळी पाथे आणि गोमाँ या फ्रेंच कंपन्यांची ख्रिस्तचरित्रे जगभर फिरत असत. गोमाँसाठी अ‍ॅलिस गी या दिग्दर्शिकेने १९०६ मध्ये केलेल्या ख्रिस्तपटात एकामागून एक पंचवीस देखावे होते. कॅमेरा बहुतेक एका जागी उभा, समोर नाटकाचे नेपथ्य आणि माणसांची गर्दी. एकेका देखाव्यावर फक्त शीर्षक, कारण कथा प्रेक्षकाला पाठच होती.

फाळक्यांना ती पाठ नव्हती. ते शास्त्री-पुरोहितांच्या घरातले. येशूचे चरित्र डोळ्यांपुढून सरकत असताना आपल्याला मनात राम-कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या दिसत होती, असे त्यांनी पुढे १९१७ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिले. तोच चित्रपट त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना नेऊन पुन्हा दाखवला. मग कर्ज काढून विलायतेला गेले, कॅमेरा आणला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

चित्रपट ख्रिस्ताचा होता आणि प्रेक्षकाने त्यातून उचलला हरिश्चंद्र. चित्रपट करणाऱ्याने जे ठेवले तेच पाहणारा घेऊन जातो, असे नाही. पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून ज्या कथा असतात, त्यांना पडद्यावरची कथा जाऊन भिडते. फाळक्यांची श्रद्धा त्या थिएटरात बदलली नाही; श्रद्धेची गोष्ट अशीही सांगता येते, हे मात्र त्यांनी तिथून नेले.

चमत्कार कसा दिसतो?

फाळक्यांनी त्या चित्रपटांकडून आणखी एक गोष्ट घेतली: चमत्कार दाखवण्याची हातोटी. मूकपटाच्या काळातल्या दोन युक्त्या समजल्या तर आजचे संगणकी चमत्कारही समजतात.

पहिली युक्ती थांबण्याची. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा. चित्रण करता करता हँडल थांबवायचे, नटांनी होते तसेच उभे राहायचे. तेवढ्यात एकाने आत येऊन मोकळ्या जागेत उभे राहायचे आणि हँडल पुन्हा फिरवायचे. पडद्यावर मधला वेळ दिसत नाही. देवदूत किंवा देव एकदम प्रकट झालेला दिसतो. दुसरी युक्ती एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याची. आधी झोपलेला माणूस टिपायचा, मग फिल्म मागे नेऊन काळ्या पडद्यापुढे उभा देवदूत त्याच फिल्मवर टिपायचा. काळा भाग फिल्मवर उमटत नाही, त्यामुळे देवदूत अंधुक, अंगातून पलीकडचे दिसेल असा येतो.

युक्ती कळल्याने श्रद्धा खोटी ठरत नाही आणि युक्ती पाहून ती खरीही ठरत नाही. मुखवटा लगद्याचा किंवा लाकडाचा आहे हे बोहाडा पाहणाऱ्यालाही माहीत असतेच. पण एक फरक ध्यानात ठेवावा. आंधळ्याला दृष्टी आली हे दाखवायला युक्ती पुरते. दृष्टी आल्यावर त्याला पहिल्यांदा कोण दिसले आणि त्याचे काय झाले, हे दाखवायला नट, कॅमेरा आणि विचार लागतो. चांगला दिग्दर्शक चमत्कारावर थोडा वेळ आणि त्यानंतरच्या माणसावर जास्त वेळ खर्च करतो.

चौघांनी सांगितलेली एक गोष्ट

ख्रिस्तपटाचा मूळ मजकूर बायबलच्या नव्या करारातली चार शुभवर्तमाने: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. एकाच आजोबांची हकिगत चार भावांनी सांगावी, तसे हे आहे. एकाला आजोबांचे बोलणे आठवते, दुसऱ्याला त्यांचे हिंडणे, तिसऱ्याला त्यांनी गरिबाघरी खाल्लेली भाकर. मुख्य प्रसंग चौघांचे जुळतात, बारकावे जुळत नाहीत आणि प्रत्येकाकडे एखादा प्रसंग असा असतो जो बाकीच्यांनी सांगितलेलाच नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट, परक्या जखमी माणसाला उचलून नेणारा शोमरोनी आणि झाडावर चढून बसलेला जक्कय हे तिघेही फक्त लूककडे आहेत. पूर्वेकडून ताऱ्यामागे आलेले ज्ञानी लोक फक्त मत्तयकडे. क्रूसावरचे शेवटचे क्षणही वेगळे आहेत. मत्तय आणि मार्क यांच्याकडे येशू देवाने आपल्याला टाकले म्हणून आकांत करतो. लूककडे तो शांतपणे आपला आत्मा पित्याच्या हाती देतो.

म्हणून पटकथा कोणत्या शुभवर्तमानावर बेतली आहे, यावर चित्रपटाचा सूर ठरतो. १९७९ चा ‘जीझस’ लूकच्या शुभवर्तमानावर आधारलेला आहे. पिएर पाओलो पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा १९६४ चा चित्रपट केवळ मत्तयच्या शब्दांवर उभा आहे. म्हणून त्यातला येशू घाईने चालतो, तडकाफडकी बोलतो, धनिकांना आणि धर्मपंडितांना तोंडावर सुनावतो. दोन्ही चित्रपट मूळ ग्रंथाशी प्रामाणिक आहेत, तरी दोन वेगळी माणसे भेटल्यासारखे वाटते.

काही प्रसंग तर चारही ग्रंथांत नाहीत. क्रूस वाहताना येशू तीनदा पडतो आणि वेरोनिका नावाची बाई कापडाने त्याचा चेहरा पुसते, हे परंपरेतून आलेले. आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वसईच्या मराठी कॅथलिक गावांत उपवासकाळात ‘क्रूसाची वाट’ ही भक्ती चालते. तिच्या चौदा स्थानकांत हे प्रसंग येतात. त्यामुळे मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राईस्ट’ (२००४) मध्ये वेरोनिका पुढे आली की वसईचा प्रेक्षक तिला ओळखतो आणि मोखाड्याचा प्रेक्षक तिला पहिल्यांदा भेटतो. एकाच जिल्ह्यातले दोघे, एकच दृश्य. एकाला त्यात प्रार्थनेची आठवण होते, दुसऱ्याला रस्त्यावरच्या मारहाणीत पुढे झालेली एक धीट बाई दिसते. चुकीचे कोणीच पाहत नाही.

चेहरा न दाखवता

आता प्रेक्षकाला गोष्टीत उभे कसे करतात ते एका दृश्यातून पाहू. विल्यम वायलर यांचा ‘बेन-हर’ (१९५९). अकरा ऑस्कर मिळवलेला हा चित्रपट रथांच्या शर्यतीसाठी ओळखला जातो. त्यातले एक छोटे दृश्य जवळून पाहण्यासारखे आहे.

खोट्या आरोपात अडकलेला यहुदी तरुण ज्यूडा बेन-हर गलबतावर गुलामी करायला चालला आहे. साखळदंडाने बांधलेली रांग उन्हात नासरेथ गावी थांबते. बाकीच्यांना पाणी मिळते. याला द्यायचे नाही असा रोमन अधिकाऱ्याचा हुकूम. तो मातीत कोसळतो. एक माणूस येऊन त्याच्या तोंडावर पाणी शिंपडतो, त्याला पाजतो. त्या माणसाची आपल्याला पाठ दिसते, हात दिसतात, केस दिसतात. अधिकारी ओरडत धावून येतो. तो माणूस नुसता उठून उभा राहतो. कॅमेरा त्याच्या मागे आहे. समोर दिसतो तो अधिकाऱ्याचा चेहरा. त्या चेहऱ्यावरचा राग विरतो, तो गोंधळतो, नजर चुकवतो, वळतो, जाता जाता पुन्हा मागे पाहतो. येशूचा चेहरा अख्ख्या चित्रपटात दिसत नाही.

इथे काय झाले? दिग्दर्शकाने पवित्र चेहरा दाखवायचे टाळले आणि तो चेहरा पाहणाऱ्याचा चेहरा दाखवला. न दिसणाऱ्या चेहऱ्यात काय असेल ते आपण स्वतः भरतो. दुसरे असे की, कॅमेरा येशूच्या मागे असला तरी आपण अधिकाऱ्याच्या मनात शिरतो. हुकमाच्या जोरावर ओरडणारा माणूस समोरच्या नजरेपुढे गडबडला, तो क्षण आपला होतो. पुढे क्रूस घेऊन चाललेल्या येशूला ज्यूडा पाणी द्यायला धावतो, तेव्हा आधीची ओळख पटते आणि दृश्य दुपटीने लागते.

हेच तंत्र फाळक्यांनीही वापरले होते. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये कृष्ण पाण्यात कालियाशी झुंजतो तेव्हा मधून मधून काठावरची गोकुळची माणसे दिसतात: कासावीस, छाती बडवणारी, डोकावणारी. कृष्ण जिंकणार हे प्रेक्षकाला माहीत आहे. काठावरच्यांना माहीत नाही. त्यांची काळजी आपल्या अंगात येते, आणि शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लागतो. सुरुवातीला विचारलेल्या कोड्याचा मोठा भाग इथे सुटतो. पुढे काय होणार ही उत्सुकता संपलेली असली, तरी गोष्टीतल्या माणसांवर काय गुदरते हे पाहण्याची ओढ संपत नाही.

नट कोण, देव कोण?

‘कालियामर्दन’ची सुरुवात मोठी मजेशीर आहे. फाळके आधी आपली सात वर्षांची मुलगी मंदाकिनी दाखवतात. ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावर एकेक भाव आणते: हसू, राग, रुसवा. मग तीच कृष्णाच्या वेशात दिसते. ही नट आहे, असे चित्रपट आधीच सांगतो, आणि तरी पुढे लोक तिला कृष्ण म्हणून पाहतात. दोन वर्षांपूर्वीच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या होत्या. राम पडद्यावर आला की प्रेक्षक पायातले काढून ठेवत, अशी आठवण सांगतात. प्रेक्षक भोळा होता म्हणून हे झाले असे समजणे चूक. बोहाडा पाहणाऱ्याला जसे दोन्ही एकदम ठाऊक असते, तसेच हे होते.

मात्र चित्रपटाला एक अडचण आहे जी मुखवट्याला नाही. नटाचा चेहरा दुसऱ्या चित्रपटातही दिसतो. काल खलनायक झालेला माणूस आज येशू झाला तर प्रेक्षकाचे मन तिथेच अडखळते. म्हणून ख्रिस्तपट करणारे पुष्कळदा अनोळखी चेहरा शोधतात. ‘जीझस’मध्ये ब्रायन डीकन हा फारसा प्रसिद्ध नसलेला ब्रिटिश नट आला. पासोलिनींनी तर नटच घेतले नाहीत. येशूच्या भूमिकेत एनरिके इराझोकी हा स्पॅनिश विद्यार्थी, येशूच्या म्हाताऱ्या आईच्या, मारियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई, आणि बाकी गर्दी दक्षिण इटलीतल्या गरीब गावांची. उन्हाने रापलेले, दात पडलेले, कॅमेऱ्याची सवय नसलेले ते चेहरे पाहिले की गोष्ट कुठल्याही डोंगराळ गावात घडू शकते असे वाटू लागते.

ओवीतून आलेला, गाण्यातून आलेला

परक्या देशातली ही कथा आपल्या कानाला परकी का वाटत नाही, यामागे मराठीचा जुना हातभार आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराणे सुटल्याची चुटपुट होती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. ओव्यांची संख्या सुमारे अकरा हजार. म्हणजे फाळके गिरगावात त्या मूकपटाला बसले त्याच्या जवळपास तीनशे वर्षे आधी ख्रिस्तकथा मराठीत पुराणाच्या थाटात गायली जात होती.

सिनेमात तसेच घडले ते १९७८ मध्ये, तेलुगूत. ए. भीमसिंग दिग्दर्शित ‘करुणामयुडु’मध्ये विजयचंदर यांनी येशू साकारला. नट भारतीय, गाणी भारतीय, मांडणी आपल्या पौराणिक चित्रपटांची. हिंदीत तो ‘दया सागर’ नावाने आला आणि प्रोजेक्टर, जनरेटर व पांढरे कापड घेऊन फिरणाऱ्या पथकांनी तो देशभर खेडोपाडी दाखवला. एका फ्रेंच ख्रिस्तपटाने फाळक्यांना पौराणिक चित्रपटाकडे वळवले, पौराणिक चित्रपटाने देशभर प्रेक्षक घडवला आणि साठ-पासष्ट वर्षांनी ख्रिस्तानेच त्या पौराणिक चित्रपटाची गाणी आणि मांडणी घेतली.

भाषा बदलण्याचे तंत्रही समजून घेण्याजोगे आहे. चित्रपटाच्या आवाजाचे तीन पदर असतात: संवाद, संगीत आणि पावले, पाऊस, गर्दी यांसारखे इतर आवाज. हे तिन्ही वेगवेगळे जपून ठेवले तर संवादाचा पदर काढून दुसऱ्या भाषेतला घालता येतो, बाकीचे दोन तसेच राहतात. अवघड काम वाक्याच्या लांबीचे. ओठ बंद होतील तिथे शब्दही संपला पाहिजे. निवेदकाच्या दृश्यात ओठ दिसत नाहीत, म्हणून ती सोपी जातात. या पद्धतीने ‘जीझस’ दोन हजारांहून अधिक भाषांत गेला. सर्वाधिक भाषांत गेलेला चित्रपट म्हणून त्याची नोंद आहे. ज्यांच्या बोलीत पूर्वी एकही चित्रपट नव्हता अशा लोकांनी पडद्यावर आपली बोली पहिल्यांदा ऐकली ती यातच. धर्म बाजूला ठेवला तरी स्वतःची बोली मोठ्या पडद्यावरून ऐकण्याची ताकद फार मोठी असते.

कोणी बनवला आणि कशासाठी?

इथेच प्रेक्षकाने सावध व्हावे. ‘जीझस’ हा धर्मप्रसारासाठी केलेला चित्रपट आहे. अमेरिकेतल्या कॅम्पस क्रुसेड या संस्थेचा त्यात पुढाकार होता आणि ते काही लपवलेले नाही. ‘बेन-हर’ हॉलीवूडच्या मोठ्या कंपनीने धंद्यासाठी काढला. त्याचे दिग्दर्शक वायलर स्वतः यहुदी. पासोलिनी तर मार्क्सवादी आणि निरीश्वरवादी म्हणून ओळखले जात. तरी १९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने महत्त्वाच्या ४५ चित्रपटांची यादी केली, तेव्हा ‘बेन-हर’ आणि पासोलिनींचा चित्रपट दोन्ही तिच्यात होते. पाथे कंपनीचा जुना ख्रिस्तपटही होता. हेतू आणि कलेची प्रत यांचे गणित सरळ नसते.

आदिवासी भागात असा चित्रपट दाखवला की धर्मांतराचा वाद निघतो, हे जव्हार-मोखाड्याला नवे नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, आपली शिकवण मांडण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. प्रेक्षकापुरते सांगायचे तर चित्रपट पाहणे आणि धर्म स्वीकारणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दाखवणारा कोण, त्याला आपल्याकडून काय हवे, हे विचारण्यात गैर काही नाही. आणि ते विचारून झाल्यावर मोकळ्या मनाने चित्रपट पाहण्यातही नाही.

दोष कोणाच्या माथी?

ख्रिस्तपटाची सर्वांत धोक्याची जागा म्हणजे जमाव. रोमन सुभेदार पिलातासमोर “याला क्रूसावर द्या” म्हणून ओरडणारी गर्दी सगळ्या यहुदी लोकांचे प्रतीक म्हणून दाखवली, तर प्रेक्षक एका समाजाबद्दल राग घेऊन बाहेर पडतो. युरोपात शतकानुशतके हे घडले. गुड फ्रायडेच्या सुमारास यहुदी वस्त्यांवर हल्ले होत. इतिहास पाहिला तर क्रूसावर देणे ही रोमन शिक्षा होती, हुकूम रोमन सुभेदाराचा होता, आणि येशू, त्याची आई व शिष्य सगळेच यहुदी होते. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. ‘द पॅशन ऑफ द ख्राईस्ट’वर टीका झाली ती याच मुद्द्यावर, आणि छळाच्या दृश्यांच्या अतिरेकावर.

कुठलाही धर्मपट, मग तो आपल्या धर्माचा का असेना, पाहताना हा प्रश्न विचारावा. शेवटी मला राग कोणाचा आला? एका दुष्ट माणसाचा, एका वृत्तीचा, की एका समाजाचा?

येशू न दिसणारे ख्रिस्ती चित्रपट

श्रद्धेवरचे पुष्कळ चांगले चित्रपट येशूला पडद्यावर आणतच नाहीत. ते विचारतात, त्याचे ऐकून एखादा साधा माणूस काय करतो?

अमेरिकेत ‘फायरप्रूफ’ (२००८) जॉर्जिया राज्यातल्या एका चर्चच्या पुढाकाराने, स्वयंसेवकांच्या मदतीने, सुमारे पाच लाख डॉलरमध्ये झाला आणि तीन कोटींहून जास्त कमावून गेला. अग्निशामक दलातला नायक दुसऱ्यांची घरे वाचवतो, स्वतःचा संसार मोडायला आलेला. वडील त्याला वही देतात: चाळीस दिवस बायकोसाठी रोज एक काम. देवावर विश्वास नसलेल्यालाही यातले रोजचे काम घेता येते. उणीव अशी की अशा चित्रपटांत प्रार्थना केली की अडचण सुटते, असा सोपा हिशेब मांडला जातो. त्याचा उतारा मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘सायलेन्स’ (२०१६) मध्ये मिळतो. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये छळाला तोंड देणारे पाद्री प्रार्थना करतात आणि वरून उत्तर येत नाही. श्रद्धावंताला जास्त ओळखीचा अनुभव बहुधा या दुसऱ्या चित्रपटातलाच असेल.

आपल्याला सर्वांत जवळचा ‘द फेस ऑफ द फेसलेस’ (२०२३), दिग्दर्शक शैसन पी. औसेफ. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासींमध्ये काम करत. सावकारांच्या कचाट्यातून सुटण्यासाठी त्यांनी लोकांना संघटित केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली आणि कुटुंबाने त्याला क्षमा केली. सावकारी आणि वेठीची आठवण १९४५ च्या वारली उठावामुळे डहाणू-तलासरी पट्ट्यात आजही ताजी आहे. इथल्या प्रेक्षकाला या चित्रपटात परदेशी काही वाटणार नाही. कर्ज, व्याज, जमीन, बसचा रस्ता सगळे ओळखीचे.

त्याला अडचण पडेल ती राखीपाशी. अन्यायाविरुद्ध लढणारी बाई समजते. तिला मारणाऱ्याच्या हाताला तिच्याच बहिणीने राखी बांधावी, हे समजून घ्यायला वेळ लागतो. क्षमा म्हणजे न्यायावर पाणी सोडणे का, असा प्रश्न डोक्यात येतो. राखी बांधली तेव्हा खुनी तुरुंगात शिक्षा भोगत होता, हे मग आठवते: क्षमा आणि शिक्षा दोन्ही झाल्या. ख्रिस्ती नसलेल्या प्रेक्षकाला चित्रपटातून नेण्याजोगे असे काही असेल तर हे आहे: एखाद्या धर्माने माणसाकडून मागितलेली अवघड गोष्ट, एका खऱ्या बाईने केलेली. मग ती आपल्याला जमेल का, हे ज्याने त्याने आपापल्या घरी ठरवावे.

चौकट: पाहून झाल्यावर विचारायचे पाच प्रश्न

१. मला कुठे उभे केले? शिष्यांत, जमावात, शिपायांत की काठावर? आणि माझ्या मनाने मी कुठे उभा होतो?

२. हा प्रसंग कुठून आला? शुभवर्तमानातून, परंपरेतून की पटकथा लिहिणाऱ्याच्या डोक्यातून? तिन्हींना जागा आहे, पण तिन्ही एक नव्हेत.

३. चित्रपट कोणी आणि कशासाठी केला? दाखवणाऱ्याला माझ्याकडून काय हवे?

४. शेवटी राग कोणाचा आला? एखाद्या समाजाचा आला असेल तर चित्रपट पुन्हा तपासून पाहावा.

५. चमत्कार वगळला तर काय उरते? पाणी पाजणारा हात, चेहरा पुसणारे कापड, खुन्याला बांधलेली राखी. जे उरते ते कुठल्याही धर्माच्या माणसाला करता येण्याजोगे असते.